उजनीचं पाणी उपग्रहातून मोजताना

उन्हाळ्यात उजनी धरण ‘उणे’मध्ये गेलं की सोलापूर, इंदापूर, करमाळा भागात रोज त्याच टक्केवारीची चर्चा असते. भीमेवरच्या या धरणात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृत साठ्यात मोडतं. पातळी त्याखाली उतरली की टक्केवारी उणे लिहितात. ज्यांना दूरसंवेदनातली, म्हणजे उपग्रहासारख्या लांबच्या साधनातून होणाऱ्या निरीक्षणातली, प्रतिमा-प्रक्रिया नीट शिकायची आहे, त्यांनी याच जलाशयाचं पाणक्षेत्र उपग्रह प्रतिमेवरून मोजायला घ्यावं. गढूळ पाणी, जलपर्णी, शेवाळ, ओली काळी माती, गाळपेर जमिनीवरची पिकं, ढगांच्या सावल्या असे या विषयातले बहुतेक खाचखळगे इथे एकाच जागी भेटतात. शिवाय धरणाची पातळी रोज मोजली जात असल्यामुळे आपलं उत्तर तपासूनही पाहता येतं.

शिकणाऱ्यांचा ओढा पहिल्या दिवसापासून मशीन लर्निंगकडे असतो. आमचं मत स्पष्ट आहे: निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर, पिक्सेलमधला आकडा नक्की कशाचा आहे हे न बघितल्यामुळे. म्हणून सुरुवात आकड्यापासून.

हजारांचा घोळ

सेंटिनेल-२ हे युरोपीय अवकाश संस्थेचे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्यावरून जातात आणि दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी त्याच जागेची प्रतिमा देतात. सगळी माहिती कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. १३ बँडपैकी, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांपैकी, निळा, हिरवा, तांबडा आणि एक निकट अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) असे चार बँड १० मीटरचे असतात, म्हणजे जमिनीवरचा १० बाय १० मीटरचा तुकडा एका पिक्सेलमध्ये येतो. लघुतरंग अवरक्ताचे, म्हणजे सगळे ज्यांना ‘स्विर’ म्हणतात ते दोन बँड २० मीटरचे आहेत. लेव्हल-१सी या फायलींत वातावरणाचा परिणाम तसाच असतो, लेव्हल-२एमध्ये तो काढलेला असतो. वेगवेगळ्या तारखांची तुलना करायची असेल तर २एच घ्या.

फायलीतला आकडा परावर्तनाचा, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा किती भाग परत फिरला याचा असतो, पण पूर्णांकात लिहिलेला. पूर्वी त्याला १०,००० ने भागलं की काम व्हायचं. २५ जानेवारी २०२२ पासून पद्धत बदलली. अतिशय गडद पृष्ठभागावर वातावरण-दुरुस्तीनंतर परावर्तन कधीकधी किंचित उणे येतं. ते कापलं जाऊ नये म्हणून आता प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. तेव्हा आधी १००० वजा करायचे, मग १०,००० ने भागायचं.

हे विसरलं तर काय होतं ते बघा. पाण्याचा एक पिक्सेल घेऊ: हिरव्या बँडमध्ये १३५०, निकट अवरक्तात ११५०. खरं परावर्तन ०.०३५ आणि ०.०१५. पाण्याचा नेहमीचा निर्देशांक, एनडीडब्ल्यूआय, म्हणजे या दोघांची वजाबाकी भागिले बेरीज. बरोबर उत्तर ०.४०. हजार वजा न करता काढलं तर २०० भागिले २५००, म्हणजे ०.०८. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वर गेलं की पाणी धरायचं तो आकडा, शून्य ठेवला असेल तर ही चूक लक्षातही येत नाही, कारण वजाबाकीत हजार आपोआप उडतात आणि चिन्ह बदलत नाही. पण थ्रेशोल्ड ०.२ ठेवला असेल तर हे पाणी नकाशावरून नाहीसं होतं. आणि २०२१ची प्रतिमा २०२३च्या प्रतिमेशेजारी ठेवली तर धरणाचं पाणीच बदलल्यासारखं दिसतं. उलटी चूकही होते: गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेतल्या ‘हार्मोनाइज्ड’ संचात हजार आधीच वजा केलेले असतात, ते पुन्हा वजा केले की पाण्याचे आकडे उणे होतात. बेरीज उणे होते किंवा शून्याजवळ जाते आणि निर्देशांकाचं चिन्ह उलटतं किंवा तो कुठल्या कुठे उडतो.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा. बँड वाचला की तो बहुधा चिन्हविरहित १६-बिट पूर्णांकात असतो, आणि त्यात उणे संख्या मावत नाही. हजार काढलेला पिकाचा पिक्सेल ८०० आणि ४००० असेल तर ८०० वजा ४००० हे उणे ३२०० न येता ६२,३३६ येतं. त्याला ४८०० ने भागलं की निर्देशांक १३च्या जवळ. म्हणजे उसाचं हिरवंगार शेत सगळ्यात ठळक पाणी ठरतं. कुठलीही वजाबाकी करण्याआधी, हजारांचीसुद्धा, बँड दशांश प्रकारात बदलून घ्या. निर्देशांक काढल्यावर लगेच किमान आणि कमाल आकडा बघा. जमिनीवर तो उणे १ ते १ च्या बाहेर गेला तर पुढे जाऊ नका.

पाणी म्हणजे नक्की काय

एनडीडब्ल्यूआय हा निर्देशांक मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडला. निकट अवरक्त किरण पाणी शोषून घेतं, या गुणावर तो उभा आहे. स्वच्छ पाण्याला तो उत्तम चालतो. पावसाळ्यात भीमा गढूळ होऊन येते तेव्हा मातीचे कण निकट अवरक्तातही चमकतात. समजा हिरव्यात ०.११ आणि निकट अवरक्तात ०.१२ आलं, तर निर्देशांक उणे. धरण भरत असताना पाणी गायब! शेवाळ माजलं की तसंच होतं, आणि उजनीत शेवाळ ही नेहमीची तक्रार आहे. यावर २००६ मध्ये शू यांनी सुचवलेला बदल उपयोगी पडतो: निकट अवरक्ताऐवजी स्विर बँड घ्यायचा. स्विर किरणांना पाणी इतकं जोरात शोषतं की गढूळपणाही फारसा आड येत नाही. वरच्याच पिक्सेलमध्ये स्विर ०.०३ असेल तर सुधारित निर्देशांक ०.५७ येतो.

किंमत मोजावी लागते ती बारकाव्यात, कारण स्विर २० मीटरचा आहे. तो १० मीटरवर आणताना बायलिनियर, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची भारित सरासरी घेणारी, पद्धत वापरा. पण ढग-सावलीचा जो वर्गनकाशा फायलीसोबत मिळतो, तो मात्र नेहमी निअरेस्ट नेबर, म्हणजे सगळ्यात जवळच्या पिक्सेलचा आकडा जसाच्या तसा उचलणाऱ्या, पद्धतीनेच बदला. त्यातले आकडे ही केवळ नावं आहेत: ३ म्हणजे ढगाची सावली, ९ म्हणजे दाट ढग. त्यांची सरासरी काढली तर सावली आणि ढगाच्या मध्ये ६ येतो, आणि ६ म्हणजे पाणी.

सुधारित निर्देशांकालाही दोन गोष्टी फसवतात. पाणी नुकतंच ओसरलेली काळी, चिकट माती स्विरमध्ये गडद दिसते आणि शून्याच्या आसपास घोटाळते. अशा पट्ट्यात दोन्ही निर्देशांक शेजारी ठेवून बघावेत आणि वादग्रस्त पिक्सेल वेगळ्या रंगात काढावेत. दुसरी गोष्ट जलपर्णी. तिच्या पानांमुळे दोन्ही निर्देशांक उणे येतात, खाली कितीही खोल पाणी असलं तरी. इथे गणितापेक्षा भूगोल कामी येतो: जी जागा पातळी कमी असताना पाण्याखाली होती, ती पातळी जास्त असताना कोरडी असूच शकत नाही. म्हणून कमी पातळीच्या दिवशीचा पाण्याचा नकाशा आजच्या नकाशावर टाका आणि ती सगळी जागा पाणी धरा. जलपर्णी वाऱ्याने सरकते, त्यामुळे पाच दिवसांनंतरची प्रतिमाही पुष्कळदा उत्तर देऊन जाते.

थ्रेशोल्ड डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा ओत्सूची १९७९ची पद्धत बरी. ती हिस्टोग्रामचे (कुठला आकडा किती पिक्सेलांत आहे, त्या आलेखाचे) दोन गट पाडते आणि त्यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त राहील अशी रेघ शोधते. पण ती दोन गट पाडतेच, मग ते कुठलेही असोत. पूर्ण प्रतिमेत पाणी दोन-तीन टक्केच असेल तर ती रेघ पाणी आणि जमीन यांच्यात न पडता ऊस आणि पडीक रान यांच्यात पडते. उपाय सोपा आहे: जलाशयाभोवती पट्टा आखून प्रतिमा कापा, पाणी आणि जमीन साधारण सारखी येईल इतकी. मग हिस्टोग्राम काढून दोन उंचवटे खरंच दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर ओत्सूचा आकडा वापरू नका.

ढग टाळण्यासाठी अनेक तारखांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) घ्यायची पद्धत सगळीकडे शिकवतात. जमिनीच्या वापराच्या नकाशाला ती योग्य आहे. धरणाला नाही. मार्च ते मे पाणी सतत उतरत असतं. त्या तीन महिन्यांचा मध्यक काढला तर त्यातून येणारी पाण्याची कड कुठल्या एका दिवसाची म्हणून सांगताच येत नाही.

पाच मीटरची कड आणि अर्धा टीएमसी गाळ

धरणात गाळ किती साठला हे ठरवायला हेच पाणक्षेत्र वापरतात. वेगवेगळ्या पातळ्यांच्या दिवशीच्या प्रतिमा घ्यायच्या आणि दोन पातळ्यांमधलं घनफळ काढायचं. सूत्र असं: दोन क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज, तिला पातळीतल्या फरकाने गुणायचं आणि ३ ने भागायचं. मूळ क्षमतेतून हे घनफळ वजा केलं की उरतो तो गाळ.

आता कडेचे पिक्सेल बघा, ज्यात अर्धं पाणी आणि अर्धा किनारा असतो. समजा जलाशयाचा वाकडातिकडा किनारा ३०० किलोमीटर भरला आणि आपल्या थ्रेशोल्डने कड सगळीकडे अर्धा पिक्सेल, म्हणजे ५ मीटर, आत ढकलली. क्षेत्रफळ १५० हेक्टरने कमी आलं. एक मीटर जाडीच्या थरात ही चूक १.५ दलघमीची (दशलक्ष घनमीटरची) होते. दहा थरांत तीच चूक त्याच दिशेने झाली की १५ दलघमी, म्हणजे अर्ध्या टीएमसीहून थोडं जास्त पाणी, आणि अहवालात ते गाळ म्हणून नोंदलं जातं. थ्रेशोल्ड सगळ्या तारखांना एकाच रीतीने ठरवणं आणि तो किंचित वर-खाली करून क्षेत्रफळ किती हलतं ते उत्तरासोबत लिहिणं म्हणूनच अटळ आहे.

अचूकतेच्या आकड्याबद्दलही सावध राहायला हवं. प्रतिमेत पाणी ३ टक्के असेल तर सगळ्याला ‘जमीन’ म्हणणारा निरुपयोगी नकाशाही ९७ टक्के अचूक ठरतो. पाणी आणि जमीन या दोन्ही वर्गांतून वेगवेगळे तपासणी-बिंदू घ्या, प्रत्येकी किमान ५०, आणि पाण्याची अचूकता स्वतंत्र सांगा. पिकांचं वर्गीकरण करताना तर एकाच शेतातले काही पिक्सेल मॉडेलला शिकवायला आणि काही तपासायला वापरण्याची चूक सर्रास होते. शेजारचे पिक्सेल जवळपास सारखेच असतात, त्यामुळे गुण फुगतात. विभागणी शेतनिहाय करा.

पावसाळ्यात रडार

जून ते सप्टेंबर ढगांमुळे सेंटिनेल-२चा उपयोग थोडाच. तेव्हा त्याच मालिकेतल्या सेंटिनेल-१चं रडार हाताशी येतं. त्याची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर आहे, ढग त्याला अडवत नाहीत. संथ पाणी लहरी दुसरीकडे परावर्तित करतं म्हणून काळं दिसतं. वारा सुटला की लाटांमुळे तेच पाणी उजळतं आणि जमिनीत मिसळून जातं. स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्रम ठरलेला आहे: कक्षेची फाइल, उष्ण गोंगाट काढणं, कॅलिब्रेशन, स्पेकल फिल्टर (रडार प्रतिमेतला ठिपक्यांचा गोंगाट कमी करणं), भूरूप-दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी डेसिबल, म्हणजे लॉगरिदमच्या मापात बदल. शेवटची पायरी आधी केली तर सरासऱ्या चुकतात. ०.०१ आणि ०.१ यांची सरासरी ०.०५५, म्हणजे उणे १२.६ डेसिबल. तेच आकडे डेसिबलमध्ये बदलून, उणे २० आणि उणे १०, सरासरी काढली तर येते उणे १५.

२०१९च्या ऑगस्टमधल्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरासारख्या प्रसंगी रडारची मर्यादाही कळते. उभ्या उसात पाणी शिरलं तरी ही लहर पाल्यातच विखुरते आणि खालचं पाणी दिसत नाही. बुडालेला ऊस नकाशावर कोरडा राहतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार उपग्रहाचं एल-बँड रडार सुमारे २४ सेंटिमीटरच्या लहरी वापरतं. त्या पाल्यातून जास्त आत जातात, म्हणून ऊसपट्ट्यातल्या पुरासाठी या रडारवर आमची मोठी भिस्त आहे.

स्वतः करून बघायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि स्नॅप पुरतात. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. एका हंगामातल्या दहा निरभ्र तारखा निवडा, प्रत्येक तारखेचं पाणक्षेत्र काढा आणि त्या दिवशीची जाहीर झालेली पातळी समोर मांडून आलेख करा. पातळी वाढेल तसं क्षेत्र वाढलंच पाहिजे. एखादा बिंदू रेषेखाली घसरला असेल तर त्या तारखेची प्रतिमा उघडा आणि आधी जलपर्णी आणि गढूळ पाणी शोधा. वर उडाला असेल तर ढगांच्या सावल्या आणि ओली माती. सगळेच बिंदू एका तारखेनंतर सरकलेले दिसले, तर हजार वजा केले होते का ते बघा.