रिकामे चौकोन

मागच्या एप्रिलात आठवीच्या वर्गात फळ्यावर मी एक प्रश्न लिहिला. ‘शास्त्रीय कारणे लिहा : खिशात कांदा ठेवल्यास ऊन लागत नाही.’ गुण दोन. वर्गात ४१ मुलं होती, त्यातल्या ३८ जणांनी कारणं लिहिली. कांद्यात गंधक असतं, ते उष्णता शोषून घेतं. कांद्यातलं पाणी शरीराला थंडावा देतं. कांद्याच्या वासाने रक्ताभिसरण सुधारतं. उरलेल्या तिघांनी जागा कोरी सोडली. ‘बाई, पण हे खरं आहे का?’ असं एकानेही विचारलं नाही.

यात मुलांचा दोष नाही. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ म्हटलं की वरचं विधान खरंच असणार, आपण फक्त ‘कारण’ जोडायचं, हे आपणच त्यांना शिकवलेलं आहे. चाचणी, सहामाही, वार्षिक असं करत दहावीला पोचेपर्यंत मूल कुठल्याही वाक्याला कारण चिकटवण्यात तरबेज होतं. विज्ञानाच्या तासालाच ही सवय लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

कांदा मी मुद्दाम निवडला होता. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि कांद्याला तर इथे तोटा नाही. बाहेर निघालेल्या माणसाच्या खिशात घरातलं वडीलधारं कुणीतरी हमखास कांदा सरकवतं. मुलांना विचारलं, कशावरून गुण येतो? उत्तर तयार होतं : ‘आमचे आजोबा रोज कांदा ठेवतात, त्यांना कधीच ऊन लागलं नाही.’

इथे फळ्यावर मी चार चौकोन आखले. माझ्या मते अख्ख्या तर्कशिक्षणातली ही सगळ्यात कामाची आकृती आहे. पहिला चौकोन : कांदा होता, ऊन लागलं नाही. दुसरा : कांदा होता, तरी ऊन लागलं. तिसरा : कांदा नव्हता, तरी ऊन लागलं नाही. चौथा : कांदा नव्हता आणि ऊन लागलं. आजोबा पहिल्या चौकोनात बसले. मग एकेकाचे काका, मामा, शेजारी तिथेच येऊन बसले. चौथ्यात एक-दोन नावं आली. दुसरा आणि तिसरा रिकामा.

आता आकडे घालून बघू. समजा, १०० माणसं उन्हात गेली. ८० जणांकडे कांदा होता, त्यातल्या ७२ जणांना काही झालं नाही, आठ जणांना ऊन लागलं. २० जणांकडे कांदा नव्हता, त्यातले १८ ठणठणीत, दोघांना लागलं. गावात काय ऐकू येणार? ‘कांदा ठेवला आणि काही झालं नाही’ असं सांगणारी ७२ तोंडं. पण भागाकार करा. ८० पैकी ७२ म्हणजे ९० टक्के. २० पैकी १८ म्हणजेही ९० टक्के. कांद्याने काडीचा फरक पडलेला नाही, तरी साक्षीदार ७२! पहिला चौकोन किती भरलाय यावरून काहीच ठरत नाही. वरच्या ओळीचं प्रमाण आणि खालच्या ओळीचं प्रमाण यांची तुलना केली तरच काहीतरी कळतं, आणि त्यासाठी चारही चौकोन भरावे लागतात.

हे शिकलेल्या माणसांनाही जड जातं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ यान स्मेडस्लुंड यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नर्सना रुग्णांची १०० कार्डं दिली होती. प्रत्येक कार्डावर अमुक लक्षण आहे की नाही आणि अमुक आजार आहे की नाही, एवढंच. कार्डं अशी जुळवलेली होती की लक्षणाचा आणि आजाराचा संबंध निघू नये. तरी बहुतेकींना संबंध दिसला, कारण त्यांची नजर लक्षण आणि आजार दोन्ही असलेल्या कार्डांवर खिळली होती. ‘झालं’ हे डोळ्यांत भरतं. ‘झालं नाही’ हे मोजावं लागतं, ते आपोआप आठवत नाही.

चार चौकोन भरले तरी एक भानगड उरतेच. खिशात कांदा ठेवणारा माणूस मुळात काळजी घेणारा असतो. तो डोक्याला पंचा गुंडाळतो, पाणी पिऊन निघतो, दुपारी एक ते चार बाहेर पडणं टाळतो. मग कांदावाले कमी आजारी पडले, तर श्रेय कांद्याला द्यायचं की पंचाला? यावरचा उपाय साधा आहे, आणि मला तो विज्ञानातल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो : चिठ्ठी टाका. कांदा कुणी ठेवायचा हे माणसाने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. कोण पंचा बांधतो, कोण बेफिकीर आहे, हे चिठ्ठीला माहीत नसतं. त्यामुळे पंचावाले दोन्ही गटांत साधारण सारखेच वाटले जातात. इतकंच नाही, तर आपल्याला ज्या कारणांचा पत्ताही नाही तीसुद्धा सारखीच वाटली जातात. गट जितका मोठा तितकी ही वाटणी समान. उरलेला फरक मग एक तर कांद्याचा असतो, नाही तर निव्वळ योगायोगाचा. आणि योगायोगाने किती फरक पडू शकतो, याचा हिशेब गणिताने मांडता येतो.

मुलांना उन्हात उभं करून हे तपासता येणार नव्हतं. म्हणून आम्ही स्टीलच्या तीन सारख्या बाटल्या घेतल्या, एकाच बादलीतलं पाणी भरलं आणि व्हरांड्यात सावलीला टांगल्या. एक तशीच. दुसरीला कांदा बांधलेला. तिसरीला ओला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल आपल्या सोलापूरचाच, एका मुलाच्या वडिलांनी कारखान्यातून आणून दिलेला. दीड तासाने प्रयोगशाळेचा थर्मामीटर बुडवला. साधी बाटली ३६ अंश, कांद्याची ३६, टॉवेलची २७. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात पूर्व भागातली एक मुलगी उठली. घरात तेलुगू बोलणारी, आई विड्या वळते, वर्गात सहसा गप्प असणारी. म्हणाली, ‘पण बाई, बाटलीला घाम येत नाही. कांद्याने माणसाचा घाम वाढत असेल तर बाटलीवरून कसं कळणार?’

मी चाटच पडले. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. शरीर थंड राहतं ते घाम वाळण्यामुळे. एक लिटर घाम वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओल्या टॉवेलने बाटलीचं तेच केलं. आमच्या प्रयोगाने ‘कांदा उष्णता शोषतो’ हा एकच दावा निकालात काढला, ‘कांदा घाम वाढवतो’ या दाव्याला हातही लावला नाही. (घाम वाढतो असा पुरावा माझ्या तरी वाचनात नाही. उन्हात पाणी आणि सावली यांनाच पर्याय नाही.) पण तिला ही शंका सुचली कशी? घामाचा धडा तिला नीट कळला होता म्हणून. विषयाचं ज्ञान बाजूला ठेवून नुसता ‘विचार करायला’ शिकवता येत नाही. कांद्यावर शिकलेले चौकोन मूल औषधाच्या जाहिरातीवर आपोआप वापरत नाही. तिथे ते पुन्हा आखून दाखवावे लागतात.

चौकोन आणि चिठ्ठी यांचं मोठं उदाहरण आपल्या डोक्यावरच घडून गेलंय. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने कृत्रिम पावसाचा प्रयोग इथेच केला. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण, म्हणजे पावसाचं ‘बीज’, सोडायचे. त्यांच्यावर पाणी जमून मोठे थेंब होतात आणि लहान थेंबांना धडकत आणखी वाढतात. पण बीज पेरलेला ढग बरसला, म्हणजे बीजामुळेच बरसला का? तो तसाही बरसला असता! म्हणून निवडलेल्या २७६ ढगांपैकी कुठल्यात बीज टाकायचं आणि कुठला तसाच सोडायचा, हे नशिबावर सोपवलं होतं. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस साधारण १८ टक्क्यांनी वाढला, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त, आणि प्रत्येक ढग दाद देत नाही. हा १८ चा आकडा सांगता आला तो न पेरलेल्या ढगांमुळे. विमानं उडाली तेव्हा त्या कोऱ्या ढगांबद्दल कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं लहान मुलांना झेपतं का? युगांडात २०१६ साली १२० प्राथमिक शाळांत हे तपासलं गेलं, आणि तेही चिठ्ठी टाकून. निम्म्या शाळांत उपचारांचे दावे कसे पारखायचे याचे ८०-८० मिनिटांचे नऊ पाठ झाले, निम्म्या शाळांत नेहमीचाच अभ्यास. दहा हजारांवर मुलांची परीक्षा घेतली. पाठ झालेल्या शाळांत ६९ टक्के मुलं उत्तीर्ण झाली, इतर शाळांत २७ टक्के. नऊ पाठ, फक्त नऊ!

आपल्याकडे मात्र पालक ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मेंदू जागवून मुलाला डोळे झाकून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या, वर्गाला हजारो रुपये मोजतात. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं मूल पुस्तक वाचतं आणि सभागृह टाळ्या वाजवतं. नाकाजवळच्या फटीतून खाली दिसतं. पुस्तक कपाळासमोर धरा, वाचन थांबतं. ही एक गोष्ट करून बघायला पैसे लागत नाहीत. यात मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं, आणि तेही आईवडिलांच्या देखत. याचा मला संताप येतो.

यंदाच्या चाचणीत मी जुनाच प्रश्न ठेवला. माठातले पाणी थंड राहते, शास्त्रीय कारण लिहा. एका मुलाने सच्छिद्र माती, बाष्पीभवन सगळं नीट लिहिलं आणि खाली पेन्सिलने जोडलं, ‘हे खरं का ते बघायला बाहेरून ऑइलपेंट मारलेला दुसरा माठ पाहिजे.’ दोन गुण तर दिलेच. परवा कुंभाराकडून सारख्या मापाचे दोन माठ आणले. एकाला निळा रंग मारून व्हरांड्यात ठेवलाय, अजून वाळायचा आहे.