चरबीच्या पेशीतील मेद आणि चयापचय : पार्श्वभूमी

सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या चरबीची पेशी पाहिली, तर ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे मेद साठवण्याच्या मुख्य रूपाच्या, एकाच मोठ्या थेंबाने ती जवळजवळ पूर्ण भरलेली आणि केंद्रक पार कडेला सरकलेले दिसते. त्यामुळे ही पेशी म्हणजे जादा ऊर्जेचे निव्वळ कोठार, अशी समजूत दीर्घकाळ टिकली, यात नवल नाही.

चरबी किती आहे याइतकेच ती कुठे आहे हेही महत्त्वाचे, असे फ्रेंच वैद्य ज्याँ व्हाग यांनी १९४७ मध्ये मांडले. शरीराच्या वरच्या भागातील चरबीचा मधुमेहाशी असलेला संबंध त्यांनी दाखवला, पण त्या मांडणीकडे पुरेसे लक्ष जायला अनेक दशके लागली. दरम्यान, चरबीच्या पेशींतून रक्तात उतरणारी मुक्त मेदाम्ले (साठवलेला मेद फुटून सुटणारे घटक) उपवासात वाढतात आणि ग्लुकोज किंवा इन्सुलिन दिल्यावर घटतात, हे १९५६ मध्ये व्हिन्सेंट डोल यांच्या अभ्यासातून दिसले. मेदाम्ले मुबलक असली की स्नायू ग्लुकोज कमी वापरतात, हे फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले, आणि मग साहजिकच मधुमेहाचा सगळा दोष चरबीच्या माथी आला.

तो दोषारोप अपुरा होता, हे मात्र चरबी नसलेल्या शरीरांनी शिकवले, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा मला हाच वाटतो. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ विकारात त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते, तरीही रुग्णाला तीव्र इन्सुलिनरोध (पेशींनी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे), रक्तात ट्रायग्लिसराइडची वाढ आणि यकृतात मेदाचा साठा, असे स्थूलतेत आढळणारेच त्रास होतात. १९९८ मध्ये पांढरी चरबी जवळपास नसलेले उंदीर जनुकीय बदलाने तयार करण्यात आले, आणि त्यांनाही मधुमेह झाला; पुढे २००० मध्ये निरोगी उंदरांची चरबी त्यांच्या शरीरात बसवल्यावर रक्तातील साखर आणि इन्सुलिन दोन्ही सुधारले. याचा अर्थ, मेद सुरक्षितपणे साठवून ठेवण्याची पेशीची क्षमता संपली किंवा मुळातच नसली, की तोच मेद यकृत आणि स्नायूंत जाऊन साचतो.

१९९४ मध्ये लेप्टिन या चरबीतून स्रवणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकाचा शोध लागल्यावर चरबीकडे इतर अवयवांना संदेश देणारी संप्रेरके स्रवणारे ऊतक म्हणून पाहिले जाऊ लागले. मेदही असा संदेश नेऊ शकतो, हे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले : चरबीतून येणारे पामिटोलिइक आम्ल हे मेदाम्ल स्नायूंमधील इन्सुलिनची क्रिया सुधारत होते आणि यकृतातील मेद घटवत होते. माणसांतील निरीक्षणे मात्र अजून एकसारखी नाहीत.