मोवरची बॅटरी सारखी उतरते? नवीन घ्यायच्या आधी हे बघा

आमच्याकडे बसून चालवायचे मोवर, म्हणजे गवत कापायची मशीनं, दुरुस्तीला येतात, फार्महाऊसचे, रिसॉर्टचे, शाळांच्या ग्राउंडचे, आणि बऱ्याच जणांनी आधीच एक नवीन बॅटरी टाकून बघितलेली असते आणि तीही महिन्याभरात उतरलेली असते. तुमचे पैसे असे वाया गेलेले आम्हाला खरंच बघवत नाही, म्हणून हे लिहून देतोय.

कारणं बघायला गेलं तर तीनच. बॅटरी संपलीये, नाहीतर इंजिन चालू असताना चार्जिंग होत नाहीये, नाहीतर मशीन बंद असताना करंट कुठेतरी लीक होतोय. साधा डिजिटल मीटर असला की घरीच कळतं.

आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवट पावडर चढली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने घासा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. वायर काढताना आधी मायनस आणि लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना चेसिसला टेकला की ठिणगी उडते. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा.

रात्रभर मशीन उभं राहिल्यावर सकाळी व्होल्टेज घ्या. 12.6 म्हणजे फुल, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी. फुल चार्ज करूनही सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी गेली, ती बदला. इंजिन फुल रेसवर असताना 13.5 ते 14.5 दिसायला हवं, 12.5 वरच अडकलं तर दोष चार्जिंगच्या कॉइलमध्ये (इंजिन फिरताना करंट बनवते ती), रेग्युलेटरमध्ये (तो करंट आवरून बॅटरीला देतो तो) नाहीतर त्यांच्यामधल्या वायरच्या प्लगमध्ये, आणि यात नवीन बॅटरी टाकून काहीच होणार नाही.

आता लीक, लोक हेच बघत नाहीत. चावी बंद करून मायनसची वायर काढा, मीटर 10 अँपिअरवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी त्या सुट्या वायरला. अशा वेळी सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा शून्याच्या आसपास हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला त्या लाईनवर दोष.

मुळशीकडच्या एका फार्महाऊसवर मीटर 0.04 अँपिअर दाखवत होता आणि सगळे फ्यूज काढले तरी हलेना, म्हणजे काहीतरी थेट बॅटरीवर जोडलेलं होतं. सीटखाली हात घातला तर मोबाईल चार्जिंगचं सॉकेट सापडलं, कोणीतरी हौसेने बसवलेलं, त्यातला निळा व्होल्टमीटर दिवसरात्र चालू. आकडा छोटा वाटतो, पण दिवसाला जवळपास 1 अँपिअर-अवर जातो, बॅटरी 28 अँपिअर-अवरची, पावसामुळे मशीन तीन आठवडे उभं, मग सेल्फ नुसता टक टक करणार नाहीतर काय. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या त्यांच्या. आम्ही ते सॉकेट चावीच्या लाईनवर घेतलं, म्हणजे चावी बंद की तेही बंद, बस.

शेडमध्ये उंदीर असतील तर वायरी कुरतडल्यात का तेही बघून घ्या. आणि मशीन महिनाभर उभं राहणार असेल तर मायनस काढूनच ठेवा, उन्हाळ्यात तर बॅटरी आपली आपणही उतरते.

फोन करताना सकाळचं व्होल्टेज, फुल रेसचं व्होल्टेज आणि लीकचा आकडा एवढं सांगा, म्हणजे आमचा माणूस बरोबर पार्ट घेऊनच येईल आणि तुम्हाला दोन व्हिजिटचे पैसे पडणार नाहीत.