वळणावरचे दोन हिशेब: कँट आणि गेज स्लॅक

पुण्याहून कर्जतमार्गे नेरळला जाऊन माथेरानच्या गाडीचा मार्ग निरखणारे रेल्वेप्रेमी एक गल्लत हमखास करतात. वळणावर बाहेरचा रूळ उंच दिसतो, दोन रुळांमधलं अंतरही थोडं जास्त भरतं, म्हणून ही एकाच उपायाची दोन अंगं असावीत असं वाटतं. तसं नाही. उंचीतला फरक म्हणजे कँट, तो वेगावरून ठरतो. वाढवलेलं अंतर म्हणजे गेज स्लॅक, ते चाकांच्या मांडणीवरून ठरतं.

कँटचं गणित सरळ आहे. रुळांच्या माथ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला ताशी किलोमीटरमधल्या वेगाच्या वर्गाने गुणा आणि १२७ गुणिले मीटरमधली त्रिज्या याने भागा. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचं गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, ६१० मिमी आहे. माथ्यांच्या मध्यांतलं अंतर ६५५ मिमी धरू. ६० फुटी, म्हणजे १८.३ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १२ किमी वेगाला कँट येतो सुमारे ४० मिमी.

पण १:२० चढावर गाडी रखडते, कधी थांबतेही. अशा वेळी गुरुत्वमध्य रुळापासून १ मीटर उंच असेल, तर याच ४० मिमी कँटमुळे आतल्या रुळावर ५९ टक्के भार येतो आणि बाहेरच्या रुळावर ४१ टक्केच उरतो. हलकं झालेलं बाहेरचं चाक रुळाच्या कडेवरून वर चढू शकतं. म्हणून घाटात सगळ्यात वेगवान गाडीचा आकडा धरून कँट देणं धोक्याचं.

गेज स्लॅकच्या हिशेबात वेग येतच नाही. एका ताठ चौकटीत पहिला आणि शेवटचा आस १.५ मीटर अंतरावर असतील, तर १८.३ मीटर त्रिज्येत मधला आस वळणाच्या रेषेपासून १५ मिमी बाजूला पडतो (आसांतल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट). १०० मीटर त्रिज्येत हाच फरक ३ मिमीहून कमी. माथेरानसाठी ओरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीच्या इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे, बाजूला सरकू शकणारे आस दिले होते ते याचसाठी. नुसत्या स्लॅकवर एवढं भागत नाही. अंतर फार वाढवलं तर चाक आत कोसळतं.

प्रत्यक्ष कामात हात वेगवेगळ्या रुळांना लागतो, आणि खरी चूक इथेच होते. वळणाची रेषा बाहेरच्या रुळाने धरायची. तो नीट बसला की गेज बार (गेज मोजायची पट्टी) लावून स्लॅकपुरता आतला रूळ आत सरकवायचा आणि डॉगस्पाइक (रूळ स्लीपरला धरून ठेवणारे खिळे) ठोकायचे. पातळी मात्र आतल्या रुळाने धरायची: तो जागेवर ठेवून बाहेरचा रूळ जॅकने उचलायचा आणि त्या बाजूला स्लीपरखाली खडी घट्ट ठासायची. आतला रूळ खाली दाबून कँट काढला, तर त्या बाजूची ठासलेली बैठक मोडते आणि पहिल्या पावसात खड्डा पडतो.

लाकडी स्लीपरवर रुळाच्या दोन बाजूंचे स्पाइक समोरासमोर ठोकू नयेत. दोन्ही एकाच रेषेत आले की लाकूड तंतूंच्या बाजूने फाटतं. स्लॅक बदलताना उपटलेला स्पाइक जुन्याच भोकात परत बसवला तर तो धरत नाही. भोकात लाकडी खुंटी मारून नवीन भोक पाडावं लागतं. वारंवार उपटाउपटी झाली की स्पाइक सैल होतात, रूळ बाहेर कलतो आणि गेज आपोआप वाढतं. ते स्लॅक नव्हे, ते बिघाड. मोजणीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून गेज बारसोबत रुळाची आतली कडही हाताने तपासावी: कड झिजून अंतर वाढलं असेल, तर आतला रूळ सरकवून काही साधत नाही, बाहेरचा रूळच बदलावा लागतो.

पुणे-सोलापूर मार्गावरच्या कुर्डुवाडीहून निघणाऱ्या, आता ब्रॉडगेज झालेल्या, जुन्या बार्शी लाइट रेल्वेची बाब वेगळी होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने १८९७ मध्ये ती ७६२ मिमी गेजवर, यार्डाला ३० पौंड वजनाचे रूळ आणि ५ टन आसभार धरून उभी केली. सपाट मुलुख आणि लांब त्रिज्येची वळणं असली की स्लॅकचा प्रश्न सौम्य होतो आणि वेग वाढत असल्याने कँटचं महत्त्व वाढतं. अशा मार्गावरही कँट एकदम देता येत नाही. ४० मिमी उंची १:३६० उताराने गाठायची तर १४.४ मीटर लांबी हवी. ती कमी केली की रुळाला पीळ पडतो आणि एका कोपऱ्यातलं चाक अधांतरी राहतं.