चार इम्प्लांट की सहा? त्याआधी ठरवायच्या गोष्टी

सगळे दात गेले, किंवा उरलेले काढावेच लागणार हे नक्की झालं, की इम्प्लांटची चौकशी सुरू होते. पहिला प्रश्न बहुतेक आकड्याचा असतो: चार बसवायचे की सहा? जाहिरातीही आकड्यांच्याच असतात, त्यामुळे हे साहजिक आहे. पण माझ्या मते आकडा सगळ्यात शेवटी ठरवावा. इम्प्लांटवर बसणारे दात तुम्ही रोज स्वतः काढून धुणार, की ते तोंडात कायम घट्ट राहणार आणि फक्त डॉक्टरच ते उघडणार, हे आधी ठरायला हवं.

दोन्ही प्रकारांचा पाया एकच: जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट. हाड टायटॅनियमला घट्ट चिकटतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. 1965 मध्ये त्यांनी योस्टा लार्सन यांच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. लार्सन यांचं 2006 मध्ये निधन झालं, तोपर्यंत ते इम्प्लांट काम देत होते.

हाड जुळायचं तर स्क्रू हलता कामा नये. सुरुवातीच्या आठवड्यांत तो साधारण 100 ते 150 मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, म्हणजे केसाच्या जाडीहून जेमतेम जास्त, तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतूंची ऊती तयार होते आणि इम्प्लांट सैल पडतो. म्हणूनच ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबून मगच दात चढवत. आता बऱ्याचदा त्याच दिवशी दात देता येतात, कारण सगळे इम्प्लांट एकाच कडक ब्रिजने, म्हणजे सलग जोडलेल्या दातांच्या पट्टीने, एकमेकांना बांधले की एकेकट्याची हालचाल रोखली जाते. मात्र बसवतानाच ते हाडात पुरेसे घट्ट बसलेले असायला हवेत. शिवाय पहिल्या दिवशी मिळतात ते सहसा तात्पुरते, अ‍ॅक्रिलिकचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) दात. हाड जुळेपर्यंत मऊ अन्नच खायचं असतं आणि कायमचे दात काही महिन्यांनी येतात.

काढता येणारा पर्याय म्हणजे इम्प्लांटवर खटकन बसणारी कवळी. खालची साधी कवळी जिभेच्या हालचालीने सतत उचलली जाते, त्यामुळे सगळ्यात जास्त त्रास तिचाच असतो. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्ये सुचवलं. वरच्या जबड्याचं हाड ठिसूळ असल्याने तिथे सहसा किमान चार लागतात, पण मग टाळू मोकळी ठेवता येते. पकडीतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात आणि अधूनमधून बदलाव्या लागतात. ते काम किरकोळ असतं.

काढता न येणाऱ्या, पक्क्या दातांमध्ये चार इम्प्लांटची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रूढ केली. वरच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते. खाली जबड्यातून जाणारी नस उपदाढांजवळ बाहेर पडते. त्यामुळे मागे सरळ स्क्रू बसवायला जागा नसते. मालो यांनी मागचे दोन इम्प्लांट 45 अंशांपर्यंत तिरपे बसवले. त्यामुळे लांब स्क्रू मावतो, नस आणि सायनस वाचतात, आधार मागे सरकतो आणि अनेकांना हाड भरण्याची शस्त्रक्रिया टाळता येते. वरचं हाड जवळजवळ संपलंच असेल तर गालाच्या हाडात रोवायचे लांब इम्प्लांट असतात; ते याच कामात मुरलेल्या सर्जनकडूनच करून घ्यावेत.

मग सहा कशाला? चारपैकी एक गेला तर अख्खा ब्रिज अडचणीत येतो. सहांपैकी एक गेला तर उरलेल्यांवर अनेकदा निभावतं. हाड पुरेसं असेल तर मला हा हिशेब पटतो. पण दोन इम्प्लांटमध्ये किमान 3 मिलिमीटर हाड हवं, म्हणून अपुऱ्या हाडात दाटीवाटीने बसवलेल्या सहांपेक्षा नीट बसवलेले चार बरे.

एका गोष्टीबद्दल पेशंटने आवर्जून विचारावं. बहुतेक पक्क्या ब्रिजमध्ये दातांसोबत गुलाबी कृत्रिम हिरडीही असते. तिला जागा मिळावी आणि हसताना जोड दिसू नये म्हणून हाडाची कड घासून कमी केली जाते. हाड आधीच झिजलेलं असेल तर हे ठीक. पण हाड चांगलं असताना, विशेषतः वाचवता येण्याजोगे दात असताना, ते एका ठरीव पॅकेजसाठी कापू देऊ नये. घासलेलं हाड परत येत नाही. तेव्हा थेट विचारा: माझं किती मिलिमीटर हाड कापणार, आणि ते न कापता काय करता येईल?

ब्रिज झिरकोनियाचा (एक कडक सिरॅमिक) असेल तर सहसा डागाळत नाही, फारसा झिजत नाही, पण तडकला तर बहुधा नवाच करावा लागतो. अ‍ॅक्रिलिकचा दात तुटतो तसा पटकन दुरुस्तही होतो.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा निकष सफाईचा. पक्क्या ब्रिजखाली फ्लॉसचं (दात साफ करायच्या दोऱ्याचं) कडक टोक बाहेरून सरकवायचं, जिभेच्या बाजूने ओढून घ्यायचं आणि प्रत्येक खांबाला वळसा घालून घासायचं, रोज. ब्रिजचा तळ फुगीर असेल तर फ्लॉस सहज फिरतो, खोलगट असेल तर अन्न आतच कुजतं. इम्प्लांटभोवतीचा संसर्ग बऱ्याचदा दुखत नाही आणि गुपचूप हाड खातो. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह हा धोका वाढवतात. हात थरथरत असतील, बोटं आखडली असतील, किंवा पुढे दुसऱ्या कुणाला तोंड साफ करून द्यावं लागणार असेल, तर काढता येणारी कवळी मी बेधडक सुचवेन.

काहीही निवडलं तरी इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास आणि लांबी लिहिलेला कागद मागून घ्या. काही वर्षांनी गाव बदललेलं असतं, डॉक्टर बदललेले असतात आणि सैल झालेला स्क्रू आवळायला त्याच प्रणालीचा स्क्रूड्रायव्हर लागतो.