लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन: दोन्ही आईच्या दुधात, पण काम एक नाही

आईच्या दुधातल्या हार्मोन्सबद्दल वाचायला घेतलं की ही दोन नावं कायम जोडीनेच येतात. दोन्ही चरबीच्या पेशींतून येतात, दोन्हीचा संबंध वजनाशी, मग लोक धरूनच चालतात की दोघांचं काम सारखंच असणार. तसं नाहीये.

लेप्टिन सापडलं १९९४ मध्ये. अंगात चरबी जास्त असेल तर रक्तात लेप्टिन जास्त, आणि ते मेंदूला कळवतं की साठा भरपूर आहे, आता खाणं पुरे. ॲडिपोनेक्टिनचं वर्णन पुढच्याच वर्षी आलं आणि त्याची चाल बरोबर उलटी, म्हणजे चरबी वाढली की रक्तातलं ॲडिपोनेक्टिन कमी होतं. ते भुकेपेक्षा इन्सुलिनच्या बाजूचं, शरीराने साखर आणि फॅट नीट वापरावं म्हणून मदत करणारं.

दुधात काय होतं बघा. आईचं वजन जास्त असेल तर दुधातही लेप्टिन सहसा जास्त सापडतं, थोडं तर स्तनातल्या दूध बनवणाऱ्या पेशीच तयार करतात. ॲडिपोनेक्टिन दुधात लेप्टिनच्या कितीतरी पट जास्त असतं, पण आईच्या वजनाशी त्याचा संबंध इतका सरळ दिसत नाही, आणि महिने जातील तसं ते कमी होत जातं.

आता बाळाची वाढ. दुधात लेप्टिन जास्त तर पहिल्या काही महिन्यांत बाळाचं वजन जरा हळू वाढतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही. उंदरांच्या पिल्लांना दूध पिण्याच्या वयात तोंडाने लेप्टिन दिलं तर मोठेपणी ती कमी लठ्ठ झाली, म्हणून या विषयाला एवढा जोर आला. ॲडिपोनेक्टिनचं जास्त गुंतागुंतीचं आहे, काही अभ्यासांत सुरुवातीला वाढ हळू आणि दुसऱ्या वर्षात उलट वजन जास्त असं चित्र दिसतं, त्यामुळे याला सरसकट ‘बारीक ठेवणारं हार्मोन’ म्हणणं मला चुकीचंच वाटतं.

अजून एक गोष्ट, आकडे शेजारी ठेवून तुलना करताना जपून. दुधातल्या फॅटमुळे मोजणीत फरक पडतो, कुणी मलई काढून मोजतं कुणी अख्खं दूध मोजतं, मग लेप्टिनचे आकडे जुळणार कसे? मिल्क बँकेतलं दूध ६२.५ डिग्रीवर ३० मिनिटं तापवतात, त्यातही ॲडिपोनेक्टिन कमी होतं.

मला खरा राग येतो तो हे अर्धवट वाचून वजन जास्त असलेल्या आईला ‘तुझ्या दुधाने बाळ लठ्ठ होईल’ असं ऐकवणाऱ्यांचा. तिच्या दुधात तर पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिनच जास्त असतं! आणि हे सगळे संबंध शेकडो बाळांच्या सरासरीतले आहेत, एका बाळाचं वजन त्यावरून सांगता येत नाही, त्यामुळे दुधाची हार्मोन टेस्ट करून घरी काहीच हाती लागत नाही. बाळ नीट वाढतंय का हे बघायचं तर डब्ल्यूएचओचे २००६ चे ग्रोथ चार्ट आहेत, ते स्तनपान घेणाऱ्या बाळांवरूनच बनवलेत, त्यावर दर भेटीला वजन आणि लांबी मांडून घ्या आणि रेष खाली घसरायला लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.