चंद्रावर माणूस गेला, पण उन्हाच्या भरवशावर नाही

चंद्रावर ढग नाहीत, पाऊस नाही, हवाही नाही. ऊन पडलं की सलग चौदा दिवस पडतं. सोलर पॅनेलसाठी याहून चांगली जागा कुठली? पण १९६९ ते १९७२ या काळात जे बारा जण चंद्रावर उतरले, त्यांच्यापैकी एकाच्याही यानाला सोलर पॅनेल नव्हतं. अपोलो या नासाच्या मोहिमेतल्या मुख्य यानाची वीज तीन इंधनघटांतून, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज करणाऱ्या घटांतून यायची, तर चंद्रावर उतरणारं यान चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांवर चालायचं.

तोवर सौरघट काही नवे राहिले नव्हते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौरघट जगाला दाखवला. पडणाऱ्या उन्हापैकी सहाएक टक्क्यांची वीज तो करायचा. जमिनीवर कुणाला परवडेल अशी ती वस्तू नव्हती. मार्च १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ या छोट्याशा उपग्रहावर सहा सौरघट बसवले गेले. त्याची बॅटरी तीनेक महिन्यांतच संपली, पण सौरघटांवर चालणारा ट्रान्समीटर १९६४ पर्यंत बोलत राहिला. त्यानंतर उपग्रह म्हटला की सौरघट हे समीकरणच झालं. चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर या माणसाविना गेलेल्या यानांनाही सोलर पॅनेल होतं. माणूस नेणाऱ्या अपोलोला मात्र ते दिलं गेलं नाही.

याची कारणं व्यवहारी होती. मोहीम आठ ते बारा दिवसांची. तेवढ्या काळासाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या टाक्या सोबत नेणं जमण्यासारखं होतं, आणि दोन्हींच्या संयोगातून विजेबरोबर पिण्याचं पाणीही मिळायचं. शिवाय उन्हाने एकच बाजू तापू नये म्हणून अपोलो प्रवासभर स्वतःभोवती हळूहळू फिरत राहायचं. पॅनेल सूर्याकडे धरून ठेवायचं असतं तर ते अवघड गेलं असतं. पॅनेल उघडेल की नाही ही धास्ती वेगळीच. एप्रिल १९६७ मध्ये रशियाच्या सोयूझ-१ चं एक पॅनेल उघडलंच नाही. यान अर्ध्या विजेवर फिरत राहिलं आणि मोहीम आटोपती घ्यावी लागली. परतताना यानातले अंतराळवीर कोमारोव्ह यांचा जीव गेला तो पॅराशूट न उघडल्यामुळे, पण मोहिमेला पहिलं गालबोट लागलं ते पॅनेलचं.

इंधनघटांचीही दुसरी बाजू होतीच. अपोलो-१३ मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली आणि श्वासाची हवा, वीज आणि पाणी या तिन्हींवर एकदमच गदा आली. लव्हेल, स्विगर्ट आणि हेज हे तिघे अंतराळवीर उतरण्याच्या यानातल्या बॅटऱ्यांवर, जवळपास सगळं काही बंद करून, थंडीत कुडकुडत घरी पोचले.

खरा प्रश्न होता चांद्ररात्रीचा. अपोलोची प्रत्येक उतराई चंद्रावरच्या सकाळी व्हायची, कारण कलत्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि खड्डे-दगड नीट दिसतात. सगळ्यात लांब मुक्काम अपोलो-१७ चा, तोही साधारण ७५ तासांचा. म्हणजे बारापैकी एकानेही चंद्रावरची रात्र पाहिलेली नाही. ती काढायची होती मागे ठेवलेल्या उपकरणांना: चौदा दिवसांचा अंधार आणि शून्याखाली दीडशे अंशांहून जास्त गारठा.

अपोलो-११ ने ठेवलेला भूकंपमापक सोलर पॅनेलवर चालत होता. काही आठवड्यांतच तो निकामी झाला. अपोलो-१२ पासून नासाने सूर्याचा नाद सोडला आणि प्लुटोनियमच्या उष्णतेवर सुमारे ७० वॉट वीज देणारा जनित्र पाठवला. तो सुरू करतानाची गंमत सांगण्यासारखी आहे. अंतराळवीर ॲलन बीन यांना प्लुटोनियमची कांडी तिच्या नळकांड्यातून ओढून काढायची होती. ती तिथेच अडकून बसली. कोट्यवधी डॉलरची मोहीम, अणुइंधन, आणि उपाय काय, तर त्यांचे सहकारी पीट कॉनरॅड यांनी हातोडा आणून नळकांड्याला बाहेरून ठोकायला सुरुवात केली. कांडी निघाली. अपोलोने ठेवलेली उपकरणांची अशी केंद्रं सप्टेंबर १९७७ पर्यंत चालली आणि बंद केली तीही पैशांअभावी.

रात्रीखालोखाल त्रास धुळीचा. ऑस्ट्रेलियाचे भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन ओब्रायन यांनी काडेपेटीएवढं उपकरण अपोलोबरोबर पाठवलं होतं. त्यात छोटे सौरघट होते. त्यांची वीज किती घटते यावरून धूळ किती बसली हे कळायचं. इतक्या स्वस्तात इतकी कामाची माहिती देणारं उपकरण अपोलोत दुसरं क्वचितच असेल, तरीही त्याच्याकडे कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

रशियाने मात्र माणसाविना जाऊन उन्हाशी जुळवून घेतलं. नोव्हेंबर १९७० मध्ये उतरलेली लुनोखोद-१ ही आठ चाकांची गाडी वरून झाकण लावलेल्या पातेल्यासारखी दिसायची. झाकणाच्या आतल्या बाजूला सौरघट होते. सकाळी झाकण उघडायचं, दिवसभर बॅटरी भरायची, रात्री झाकण मिटून पोलोनियमच्या उबेवर पडून राहायचं. असे दहाएक महिने निघाले. लुनोखोद-२ चं झाकण १९७३ मध्ये एका विवराच्या कडेला घासलं आणि त्यावर माती पडली. झाकण मिटल्यावर तीच माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर सांडली आणि गाडी तापून बंद पडली, असं मानलं जातं.

त्याच वर्षी अंतराळात माणसाचा जीव खऱ्या अर्थाने सोलर पॅनेलवर टांगला गेला. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा उडतानाच तिचा एक सौरपंख तुटून गेला आणि दुसरा धातूच्या पट्टीत अडकला. ७ जून १९७३ रोजी लांब दांड्याच्या कटरने ती पट्टी कापायला बाहेर पडले जो कर्विन आणि हातोडावाले तेच पीट कॉनरॅड. पंख सुटला तो इतक्या झटक्याने की दोघेही उडाले. दोर होते म्हणून वाचले.

एव्हाना चंद्र आणि सौरऊर्जा यांची एक वेगळीच सांगड कागदावर घातली गेली होती. अपोलो-८ निघायच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, अभियंते पीटर ग्लेझर यांनी मांडलं की अंतराळात प्रचंड सोलर पॅनेल ठेवावीत आणि वीज सूक्ष्मलहरींनी पृथ्वीवर पाठवावी. हे गृहस्थ हवेत इमले बांधणारे नव्हते. अपोलो-११ ने चंद्रावर ठेवलेल्या लेझर-परावर्तकाच्या (पृथ्वीवरून सोडलेला लेझर परत फिरवणाऱ्या आरशांच्या) प्रकल्पाचं काम त्यांच्याकडे होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी सरकारने ही कल्पना गांभीर्याने तपासली. एकेक उपग्रह पाच गिगावॉटचा, असे साठ. पण एवढं सामान पृथ्वीवरून वर न्यायचं कसं? भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील म्हणाले, चंद्रावरून न्या. तिथून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग पुरतो, पृथ्वीवरून ११.२ लागतो. डेव्हिड क्रिसवेल हे दुसरे भौतिकशास्त्रज्ञ त्याच्याही पुढे गेले: पॅनेल चंद्राच्या मातीतूनच घडवा आणि तिथेच अंथरा. हिशेब आकर्षक होते, पण ते करेपर्यंत चंद्रावर जाणारं एकही यान उरलं नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी अभ्यासही गुंडाळला गेला.

माझ्या मते सौरऊर्जेची खरी गोष्ट तोवर भलतीकडेच सरकली होती. एक्सॉन या तेल कंपनीच्या पैशावर एलियट बर्मन यांनी सेमीकंडक्टर कारखान्यांनी नाकारलेल्या सिलिकॉनच्या चकत्या वापरून घट केले आणि १९७० च्या दशकात वॉटमागे शंभर डॉलरचा भाव वीसवर आणला. घेणारे कोण, तर समुद्रातल्या तेलविहिरींवरचे दिवे आणि भोंगे.

चंद्राकडे पुन्हा नजर वळली ती ध्रुवांमुळे. चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला असल्याने दक्षिण ध्रुवावरच्या शॅकल्टनसारख्या विवरांच्या काठावर वर्षातला बराच काळ ऊन असतं, आणि खालच्या कायमच्या अंधारात बर्फ. तिथे सूर्य क्षितिजालगत फिरतो, म्हणून नासाने २०२२ मध्ये तीन कंपन्यांना उभी पॅनेल करायला सांगितली. आपलं चांद्रयान-३ उतरलं ते सुमारे ६९ अंश दक्षिणेला, म्हणजे या उजेडाच्या काठापासून दूरच. विक्रम आणि प्रज्ञान दहा-बारा दिवस सोलर पॅनेलवर चोख चालले, सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला त्यांना झोपवलं गेलं आणि ते पुन्हा उठले नाहीत. इस्रोने तसं वचनही दिलं नव्हतं. उठले असते तर तो बोनस होता.

माणसं नेण्यासाठी बांधलेल्या नासाच्या ओरायन यानाला आता चार सौरपंख आहेत. युरोपने बनवलेले, मिळून सुमारे ११ किलोवॉटचे, आणि इंजिन पेटताना मागे-पुढे कलणारे. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये माणसाविना ते चंद्राला फेरी मारून आलं. प्रवासापुरता तरी अपोलोचा नकार मागे पडला आहे. मुक्कामाचं मात्र तसं नाही. चंद्रावरच्या तळासाठी १०० किलोवॉटच्या अणुभट्टीचं काम पुढे रेटायचा आदेश नासाच्या तेव्हाच्या हंगामी प्रमुखांनी ऑगस्ट २०२५ मध्ये काढला.